इको तोच, पण जिना सोपा झाला: हृदयविकारानंतरच्या व्यायामाने शरीरात नेमके काय बदलते?

विश्वामित्री | ९ ऑगस्ट, सकाळी ७.४०

नमस्कार. आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या यजमानांना (वय ५९) मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला. घरी सोडताना टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा, ४० टक्के होते. एप्रिलच्या अखेरीपासून बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, ते डॉक्टरांनी सुचवलेल्या व्यायामवर्गाला गेले. तिथे ट्रेडमिल, स्थिर सायकल आणि शेवटच्या महिन्यात हलकी वजने असा क्रम होता.

आमच्या जिन्याला अडतीस पायऱ्या आहेत. एप्रिलमध्ये ते सतराव्या पायरीवर बसत असत. तिथे भिंतीला एक कोनाडा आहे, त्यात मी पाण्याचा तांब्या ठेवू लागले होते. आता ते हातात भाजीची पिशवी घेऊन एका दमात वर येतात आणि तो तांब्या मी गेल्या महिन्यात उचलून ठेवला. मात्र मागच्या आठवड्यात पुन्हा इको केला, तर आकडा ४२. डॉक्टर म्हणाले की दोन टक्क्यांचा फरक मोजणीच्या चुकीतही येतो, त्यामुळे "तेवढेच आहे" असे समजा.

माझा प्रश्न असा आहे की हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद जवळपास तीच असेल, तर दम लागणे कमी कशाने झाले? हा निव्वळ मनाचा खेळ आहे का? दुसरे असे की सासूबाईंचे मत अगदी ठाम आहे: दुखावलेल्या अवयवाला विश्रांती द्यायची असते, पाय मोडला तर आपण चालतो का? त्यांना उत्तर द्यायला माझ्याजवळ शब्द नाहीत. आणि तिसरे, नवरात्र दोन महिन्यांवर आले आहे. ज्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून एकही वर्ष गरबा चुकवला नाही, त्यांना काय सांगावे?

मांजलपूरकर | ९ ऑगस्ट, सकाळी ९.१५

सासूबाईंचे मत त्यांच्या काळात डॉक्टरांचेही होते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यानंतर सहा सहा आठवडे रुग्णाला पलंगावरून हलू देत नसत, जेवणही भरवत असत. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उठवून आरामखुर्चीत बसवले, तर तेवढ्यावरही बरीच खळबळ उडाली होती. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या घरी हा पलंगाचा कारभार मी पाहिला आहे. दोन महिन्यांनी ते उठले तेव्हा त्यांच्या पोटऱ्या इतक्या वाळल्या होत्या की पायमोजे खाली घसरत असत. हृदयाने त्यांना किती छळले आणि पलंगाने किती, हे आम्हांला कधी कळले नाही.

नाडीपरीक्षा | ९ ऑगस्ट, रात्री १०.०५

विश्वामित्री, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अनेक वर्षे हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गांतच काम करते. तुम्ही विचारलेला प्रश्न दर महिन्याला कुणीतरी इकोचा कागद हातात धरून विचारतोच. मनाचा खेळ अजिबात नाही. बदल खरा आहे आणि मोजताही येतो, फक्त इकोचे यंत्र जिथे पाहते तिथे तो फारसा झालेला नाही. उत्तर जरा लांबेल.

जिना चढताना मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना प्राणवायू हवा असतो. तो किती मिळणार हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. पहिली, हृदय मिनिटाला किती रक्त पुढे पाठवते. दुसरी, आलेल्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू काढून घेतात. आपण सगळे पहिल्या गोष्टीकडे टक लावून बसतो. झटक्यानंतर आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या किंवा भीतीने खोलीतल्या खोलीत वावरणाऱ्या माणसाची दुसरी गोष्ट मात्र पार ढासळलेली असते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया कमी होतात, स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे विरळ होते, आणि दारापर्यंत आलेला माल उतरवून घ्यायला हमालच नसावेत तशी अवस्था होते. नियमित व्यायामाने हे हमाल परत कामावर येतात. तेवढ्याच रक्तातून स्नायू जास्त प्राणवायू काढतात, लॅक्टिक आम्ल उशिरा साचते आणि श्वास उशिरा फुलतो. म्हणून इजेक्शन फ्रॅक्शन आणि माणसाची चालण्याची क्षमता यांचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच सैल आहे. तीस टक्क्यांचा माणूस आरामात बाजार करून येतो आणि साठ टक्क्यांचा माणूस एका मजल्यात हाशहुश करतो, ही दोन्ही दृश्ये मी रोज पाहते.

आता हृदयाच्या बाजूने पाहू. कोणतेही काम करताना हृदयाच्या स्नायूला स्वतःला किती प्राणवायू लागतो याचा सोपा अंदाज म्हणजे नाडीचे ठोके गुणिले वरचा रक्तदाब. समजा, एप्रिलमध्ये जिन्याच्या मध्यावर यजमानांची नाडी १२० आणि दाब १६० होता, तर गुणाकार १९,२०० येतो. आता त्याच पायरीवर नाडी १०४ आणि दाब १५० असेल, तर तो १५,६०० येतो. जिना तोच, माणूस तोच, पण हृदयाची मजुरी जवळपास पाचव्या हिश्श्याने उतरली. ज्यांना चालताना छातीत दाब येतो, त्यांचा तो दाब साधारण एका ठराविक गुणाकारापाशी सुरू होतो. व्यायामानंतर त्या आकड्यापर्यंत पोहोचायलाच जास्त चालावे लागते. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त मुख्यतः ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात शिरते. नाडी मंद झाली की तो विसावा लांबतो आणि हृदयाचे स्वतःचे पोट नीट भरते. सासूबाईंना हेच सांगा: हृदयाला विश्रांती हवी हे त्यांचे म्हणणे खरे आहे, पण ती विश्रांती दोन ठोक्यांच्या मधे मिळते आणि ती वाढवण्याचा मार्ग व्यायामातून जातो.

तिसरा बदल रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात होतो. रक्त जोराने वाहू लागले की ते अस्तराला घासत जाते आणि त्या घर्षणाने अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त तयार होतो. त्याने वाहिनी सैल पडते. आजारी धमनीचे अस्तर हे काम विसरलेले असते, इतके की जिथे तिने रुंद व्हायचे तिथे ती उलट आवळते. जर्मनीतल्या लायपझिगच्या राइनर हॅम्ब्रेख्ट यांच्या गटाने २००० साली दाखवले की चार आठवड्यांच्या नेमक्या व्यायामाने हृदयाच्या धमन्यांचे हे उलटे आवळणे निम्म्याने कमी होते. अडथळा विरघळत नाही, स्टेंटची जागाही व्यायाम घेत नाही, पण नळ पूर्वीपेक्षा शहाण्यासारखा वागू लागतो.

चौथी गोष्ट मज्जासंस्थेची, आणि ती थोडक्यात सांगते. झटक्यानंतर शरीर सतत "वाघ मागे लागला आहे" अशा ताणात असते. व्यायामाने हा ताण उतरतो आणि हृदयाला शांत ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो. घातक अनियमित ठोक्यांचा धोका घटण्यामागे हे एक कारण मानले जाते.

पलंगाबद्दल मांजलपूरकरांनी लिहिले त्याला एक जोड देते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले, तर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले होते त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केले होते, असे दिसले. ते तर विशीतले धडधाकट मुलगे होते.

आकडेमोड | १० ऑगस्ट, दुपारी १.३०

नाडीपरीक्षा, विवेचन उत्तम आहे, पण एक शंका मांडतो. दम कमी लागणे वेगळे आणि आयुष्य वाढणे वेगळे. व्यायामवर्गाच्या जाहिरातींत हे दोन्ही एकाच दमात सांगितले जाते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ६३ चाचण्या आणि १४,४८६ रुग्ण होते. त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण ३०.७ वरून २६.१ टक्क्यांवर आले. मात्र एकूण मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. हृदय कमजोर असलेल्या २,३३१ रुग्णांवरची एचएफ-ॲक्शन ही मोठी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे यांची बेरीज ६८ वरून ६५ टक्क्यांवर आली, म्हणजे फरक अगदी किरकोळ. मग इतका गाजावाजा कशासाठी?

नाडीपरीक्षा | १० ऑगस्ट, रात्री ९.५०

आकडे बरोबर आहेत आणि आक्षेपही रास्त आहे. दोन गोष्टी जोडते. एचएफ-ॲक्शनमध्ये पहिल्या ३६ सत्रांनंतर रुग्णांना घरी व्यायाम करायचा होता आणि बहुतेकांचा व्यायाम ठरवलेल्या मिनिटांपर्यंत पोहोचलाच नाही. गोळी अर्धीच घेतली तर गुणही अर्धाच येणार. त्या चाचणीचे मोठे फलित माझ्या मते वेगळे आहे: इतकी कमजोर हृदये असूनही व्यायाम सुरक्षित ठरला. तोवर अशा रुग्णांना "जपून राहा" एवढेच सांगायची पद्धत होती. कोक्रेनच्या २०२१ च्या सुधारित आढाव्यात ८५ चाचण्या आल्या आणि तिथे नव्या झटक्यांचे प्रमाणही घटलेले दिसले.

हॅम्ब्रेख्ट यांचीच २००४ ची चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. स्थिर स्वरूपाचे छातीतले दुखणे असलेल्या १०१ पुरुषांपैकी निम्म्यांना स्टेंट बसवला आणि निम्म्यांना रोज वीस मिनिटे सायकल दिली. वर्षभरात कोणतीही नवी हृदयघटना न झालेले रुग्ण सायकलच्या गटात ८८ टक्के होते आणि स्टेंटच्या गटात ७०. हे झटका येऊन गेलेल्या रुग्णांबद्दल नव्हते, हे आवर्जून लिहिते. झटका चालू असताना स्टेंटला पर्याय नाही. पण एक जागा रुंद करणे आणि सगळ्या धमन्यांचे वागणे सुधारणे यांतला फरक त्यातून समजतो.

रावपुऱ्याची माई | ११ ऑगस्ट, सकाळी ६.५५

आमच्याकडे व्यायामवर्गाची फी आणि जाण्यायेण्याची दगदग दोन्ही परवडत नाहीत. सकाळी योगासने आणि प्राणायाम केला तर चालेल का?

आकडेमोड | ११ ऑगस्ट, सकाळी ८.२०

माई, याच प्रश्नावर भारतातच २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसन घेतलेल्यांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते आपल्या जुन्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. मृत्यू आणि नवे झटके यांत मात्र निर्णायक फरक दिसला नाही. थोडक्यात, योग जरूर करावा, पण चालणे सोडू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर चालण्याला फी लागत नाही.

जुना बडोदेकर | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

माझे वय ७४. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात अंग कमावलेले आहे. तिथले व्यायामगुरू प्रोफेसर माणिकराव यांचे नाव घेऊन आम्ही दंड-बैठका मारत असू. सहा वर्षांपूर्वी बायपास झाली. तीन महिन्यांनी छातीचे हाड जुळल्यावर मी स्वतःच्या अकलेने पुन्हा जोर काढायला घेतले, श्वास रोखून, जुन्या खाक्याने. चौथ्या जोराला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो नाद सोडून कमाटीबागेत चालू लागलो. एके दिवशी जोरात तीन फेऱ्या मारून दरवाजापाशी एका मित्राशी बोलत उभा राहिलो आणि दोनच मिनिटांत खाली बसलो, म्हणजे पडलोच म्हणा. चालताना काही झाले नाही आणि उभे राहिल्यावर झाले, याचे मला आजही नवल वाटते.

नाडीपरीक्षा | ११ ऑगस्ट, रात्री १०.४०

काका, दोन्ही प्रसंगांचे कारण वेगळे आहे. श्वास कोंडून जोर लावला की छातीच्या पोकळीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, रक्तदाब आधी उसळतो आणि मग कोसळतो. म्हणून वजन उचलताना श्वास सोडत उचलायचे आणि आकडे मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

दुसरा प्रसंग अधिक शिकण्यासारखा आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतात. चालून गरम झालेल्या पायांतल्या वाहिन्या सताड उघड्या असतात. अशा वेळी एकदम थांबले की पिळणारा पंप बंद पडतो, रक्त पायांतच साचते, मेंदूला आणि हृदयाला कमी मिळते, आणि त्याच वेळी अंगातले ॲड्रेनलिन मात्र चढलेलेच असते. चक्कर आणि अनियमित ठोके, दोन्हींसाठी ही मिनिटे नाजूक असतात. म्हणून शेवटची पाच ते दहा मिनिटे वेग उतरवत चालायचे. मित्र भेटला तर त्यालाही बरोबर चालवायचे.

मांजलपूरकर | १२ ऑगस्ट, सकाळी ७.१०

गरब्याचा प्रश्न मागेच राहिला. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या इतक्या बातम्या आल्या की आमच्या सोसायटीत दोन कुटुंबांनी मुलांना पाठवलेच नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांनी तर विचारही करू नये, असे मला वाटते.

नाडीपरीक्षा | १२ ऑगस्ट, रात्री ९.३०

इथे मी थोडी असहमत आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत झटका आलेल्या रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यात जोरदार श्रमांनंतरच्या तासात झटक्याचा धोका एरवीपेक्षा सरासरी सहापट निघाला. मात्र हा आकडा फोडून पाहिला तेव्हा खरी गोष्ट उघड झाली. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो केवळ २.४ पट होता, आणि आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत १०७ पट. वर्षभर खुर्चीत बसून नवरात्रात पहिल्या रात्री तीन तास उड्या मारणारा माणूस या दुसऱ्या गटात येतो, त्याला आधी झटका आलेला असो वा नसो.

तेव्हा विश्वामित्री, निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा, पण त्यांना नेमके काय विचारायचे ते सांगते. स्ट्रेस टेस्टमध्ये (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी पाहण्याच्या तपासणीत) यजमान किती मेटपर्यंत जातात ते विचारा. शांत बसलेल्या माणसाचा प्राणवायूचा खर्च म्हणजे एक मेट; सपाटीवर नेहमीच्या वेगाने चालणे तीन-साडेतीन, आणि वेगवान सामूहिक नाच सहा ते आठ. टेस्टमध्ये आठ मेटपर्यंत छातीत दाब, ईसीजीत बदल किंवा दाबाची घसरण यांपैकी काही नसेल, तर संथ बे ताळीच्या (दोन टाळ्यांच्या गरब्याच्या) एक-दोन फेऱ्या आणि दोढियुं या वेगवान प्रकाराची धुमाळी या दोन गोष्टी वेगळ्या धरून बोलता येईल. ते बीटा ब्लॉकर घेत असतील तर नाडी मुद्दाम दाबलेली असते, त्यामुळे नुसत्या नाडीवर विसंबू नका. बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रममापन पट्टी त्यांनी वर्गात वापरली असेलच. १३ हा अंक म्हणजे "जरा कठीण". त्यापुढे जायचे नाही, आणि शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, विनाकारण घाम किंवा ठोके चुकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबायचे आणि रुग्णवाहिका बोलवायला लाजायचे नाही; जिभेखालची गोळी आधीपासूनच खिशात असू द्या. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल किंवा पायांवर सूज असेल, तर त्या रात्री घरीच. ज्यांची छातीदुखी बसल्या जागी येते, ज्यांची महाधमनीची झडप फार अरुंद आहे किंवा ज्यांचे अनियमित ठोके आटोक्यात नाहीत, त्यांच्यासाठी वरचे काहीही लागू नाही.

आणि वर्ग संपला म्हणून व्यायाम संपवू नका. मिळवलेले काही आठवड्यांतच ओसरू लागते.

विश्वामित्री | १४ ऑगस्ट, सकाळी ८.००

सर्वांचे मनापासून आभार. हमालांची उपमा सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांना दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीचे पटले, हमालांचे पटले नाही. स्ट्रेस टेस्टची वेळ घेतली आहे.

विश्वामित्री | नवरात्रानंतर, रात्री ११.२०

धागा वर आणते आहे, कारण बऱ्याच जणांनी निरोपातून विचारले. स्ट्रेस टेस्टमध्ये यजमान साडेआठ मेटपर्यंत गेले. एप्रिलमध्ये वर्ग सुरू होताना पाचही नव्हते. ईसीजी स्वच्छ होता. डॉक्टरांनी संथ तालाच्या दोन फेऱ्यांची परवानगी दिली, तीही आधी दहा मिनिटे चालून अंग गरम केल्यावर आणि जेवणानंतर दोन तासांनी.

सप्तमीला आमच्या गल्लीतल्याच छोट्या गरब्यात ते उतरले. मी मंडळाच्या कडेला उभी होते आणि दर वळणाला ते बोटांनी आकडा दाखवत होते: एकदा अकरा, एकदा बारा, दुसऱ्या फेरीच्या शेवटी तेरा. तेरा दाखवल्यावर ते स्वतःच बाहेर पडले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणवून ठेवली होती आणि "बस, बस" म्हणून हाका मारत होत्या. पण काकांचा कमाटीबागेतला प्रसंग त्यांच्या पक्का लक्षात होता. ते खुर्चीला वळसा घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी परत आले तेव्हा खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या.